धुराची साक्ष : जुन्या डिझेल गाडीच्या थंडीतील धुराचे निदान

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत लेणी, शिलालेख किंवा जुनी गॅझेटिअरे यांविषयी लिहावे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. या वेळी मात्र मी आपल्या वसतिगृहाच्या जुन्या जीपविषयी लिहिणार आहे. या आवारातून शिकून गेलेल्या अनेक विद्यार्थ्यांना ती आठवत असेल. रात्री ताप चढलेल्या मुलाला तालुक्याच्या दवाखान्यात नेणारी, दहावीच्या मुलांना परीक्षा केंद्रावर पोहोचवणारी आणि बाजाराच्या दिवशी भाजीपाल्याची पोती वाहणारी हीच ती गाडी. काही वर्षांपूर्वी तिच्या धुरामुळे एका माणसाची नोकरी आणि ग्रंथालयाचा निधी, दोन्ही धोक्यात आले होते. त्या प्रसंगी माझे मत चुकले होते. ते कसे चुकले आणि बरोबर उत्तर कोणत्या मार्गाने सापडले, हे लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो. शिवाय आपल्या पालकवर्गात जुनी जीप, पिकअप किंवा ट्रॅक्टर बाळगणारे पुष्कळ जण आहेत. त्यांना या लेखाचा प्रत्यक्ष उपयोग व्हावा, हाही हेतू आहे.

प्रसंग

डिसेंबरचे दिवस होते. आपल्या माळावर पहाटे पारा आठ-नऊ अंशांपर्यंत उतरत होता. चालकमामा पावणेसहाच्या सुमारास दूध आणण्यासाठी जीप चालू करीत. बराच वेळ सेल्फ मारल्यावर इंजिन आचके देत जागे होई आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट उठे. वारा सभागृहाच्या दिशेचा असला की तो धूर खिडक्यांतून आत शिरे. वंदनेला बसलेली लहान मुले खोकू लागत, डोळे चोळू लागत. पाच-सात मिनिटांनी धूर विरे आणि मग दिवसभर गाडी निमूट चाले.

व्यवस्थापन समितीच्या बैठकीत या धुराविषयी दोन मते पुढे आली. पहिले मत असे की, इंजिनच्या रिंगा गेल्या आहेत. एका गॅरेजवाल्याने गाडी न पाहता, केवळ फोनवरील वर्णनावरून, इंजिन उतरवावे लागेल असे सांगून ४५ हजार रुपयांचा अंदाज दिला होता. एवढी रक्कम माजी विद्यार्थ्यांनी ग्रंथालयासाठी दिलेल्या निधीतूनच काढावी लागली असती. दुसरे मत असे की, चालकमामा डिझेलमध्ये रॉकेल मिसळतात आणि उरलेले पैसे स्वतः ठेवतात. दुसऱ्या मताच्या बाजूने मी बोललो. माझ्याजवळ पुरावा म्हणून एकच गोष्ट होती : त्या धुराला रॉकेलसारखा वास येत असे.

मामा चौदा वर्षे गाडी चालवत होते. बैठकीच्या दाराशी उभे राहून त्यांनी एवढेच म्हटले, "सर, डिझेलच्या सगळ्या पावत्या माझ्याजवळ आहेत. बघून घ्या." पावत्या कुणी मागितल्या नाहीत. निर्णय पुढच्या आठवड्यावर गेला.

त्या आठवड्यात आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी भाचीच्या प्रवेशाची चौकशी करण्यासाठी आला होता. आय.टी.आय.मध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून त्याने स्वतःचे गॅरेज थाटले आहे. त्याला मी सारी हकीकत सांगितली. त्याने विचारले, "सर, गाडी थंड असताना धूर कसा निघतो, हे तुम्ही जवळ उभे राहून पाहिलंत का?" मी पाहिले नव्हते. "वर्गात तुम्ही आम्हाला विचारायचात, ही गोष्ट लिहिणारा तिथं हजर होता का म्हणून. मग आधी उद्या पहाटे आपण हजर राहू. आज रात्री गाडीला कुणी हात लावू नका."

इंजिनाच्या पोटातील अग्नी

पुढील विवेचन समजण्यासाठी डिझेल इंजिनाचे मूळ तत्त्व ठाऊक असले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक तापते, हा अनुभव सर्वांना आहे. हवा वेगाने दाबली की ती गरम होते. याच नियमावर डिझेल इंजिन चालते. जुन्या जीपगाड्यांच्या इंजिनात पिस्टन हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या-बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबतो. त्यामुळे तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते. नेमक्या त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आत येतो. डिझेल सुमारे अडीचशे अंशांच्या आतच आपोआप पेट घेत असल्यामुळे फवारा तत्काळ पेटतो.

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. १८९३ च्या ऑगस्टमध्ये ऑग्सबर्ग येथील कारखान्यात झालेल्या पहिल्या चाचणीत स्फोट होऊन मापनयंत्र उडून गेले. यशस्वी इंजिन १८९७ मध्ये सिद्ध झाले. इंधनातील उष्णतेपैकी चौथ्या हिश्शाहून थोडी अधिक उष्णता ते कामात बदलत असे. त्या काळच्या सामान्य वाफेच्या यंत्रांना दहावा हिस्सासुद्धा जेमतेम साधे. डिझेल यांच्याही आधी, १८९० मध्ये, इंग्लंडमधील हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्ट यांनी जड तेलावर चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले होते. त्या इंजिनाच्या डोक्यावर लोखंडी गोळा असे आणि यंत्र चालू करण्यापूर्वी तो दिव्याच्या ज्योतीने बाहेरून तापवावा लागे. थंड इंजिनाला जागे करण्याची अडचण किती जुनी आहे, हे यावरून लक्षात येईल.

आपल्या जीपमध्ये त्या तापवलेल्या गोळ्याचे काम एक छोटा भाग करतो. मिस्त्री त्याला 'हीटर' किंवा 'हीटर प्लग' म्हणतात. तो पेन्सिलीएवढ्या जाडीचा असतो. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यात जी लहानशी कोठी असते, तिच्यात त्याचे टोक शिरलेले असते. किल्ली फिरवली की बॅटरीच्या विजेने हे टोक लालभडक होते. त्याचे तापमान आठशे अंशांच्या वर जाते. नव्या गाड्यांत याला काही सेकंद पुरतात, जुन्या गाड्यांत पंधरा-वीस सेकंद लागतात. डॅशबोर्डवरील वेटोळ्याच्या आकाराचा दिवा विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारायचा असतो, तो याचसाठी. प्रत्येक डिझेल इंजिनाला असे हीटर असतात असे मात्र नाही. ज्या इंजिनांत फवारा थेट पिस्टनच्या माथ्यावर पडतो, अशा अनेक जुन्या ट्रॅक्टर आणि ट्रकांना ते नसतात. म्हणून आपल्या गाडीला हीटर आहेत की नाहीत, हे आधी पाहून घ्यावे.

थंडीत काय घडते

थंडीच्या पहाटे अनेक गोष्टी एकाच वेळी इंजिनाच्या विरोधात जातात. सिलिंडरचे गार लोखंड दाबलेल्या हवेतील उष्णता शोषून घेते. इंजिन ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन जड फिरते. बॅटरीची ताकद थंडीने आधीच उतरलेली असते. पिस्टन सावकाश चालला की रिंगांच्या फटींतून हवा निसटायला अधिक अवधी मिळतो आणि दाब आणखी घटतो. अशा अर्धवट तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की त्यातील काही भाग पेटतो आणि उरलेल्याची नुसती वाफ होते. ही वाफ सायलेन्सरमधून बाहेरच्या गार हवेत आली की तिचे सूक्ष्म थेंब बनतात. पहाटेचा पांढरा धूर म्हणजे बहुतेक वेळा हे डिझेलचे धुके असते. ते डोळ्यांना झोंबते आणि त्याला कच्च्या इंधनाचा उग्र वास येतो. मला जो वास रॉकेलचा वाटला होता, तो न जळलेल्या डिझेलचा होता. वास मी बरोबर घेतला होता. त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला होता.

रंगांवरून काय ओळखावे

धुराचा रंग पाहताना तो केव्हा निघतो, किती वेळ टिकतो आणि त्याला वास कसला येतो, हेही सोबत पाहिले पाहिजे. रंग एकटा पुरेसा नसतो.

पांढरा, विरळ, वास नसलेला आणि सायलेन्सरपासून हातभर अंतरावर विरून जाणारा धूर म्हणजे पाण्याची वाफ. इंधन जळताना पाणी तयार होतेच, त्यामुळे थंडीत अशी वाफ दिसणे स्वाभाविक आहे.

पांढरा, दाट, झोंबणारा आणि इंजिन तापल्यावर नाहीसा होणारा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. हीटर, बॅटरी, नोझल, टॅपेट, टायमिंग आणि कॉम्प्रेशन यांपैकी कुठेतरी दोष असतो.

पांढरा, किंचित गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे रेडिएटरमधील कूलंट सिलिंडरमध्ये शिरते आहे. रेडिएटरचे पाणी वरचेवर कमी होणे, त्यात बुडबुडे येणे किंवा इंजिन ऑइल दुधाळ दिसणे ही त्याची साथीदार लक्षणे आहेत. हेड गॅस्केट जळलेले असू शकते. अशी गाडी चालवत राहू नये.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर पहिल्या अर्ध्या-एक मिनिटापुरताच निळा धूर येत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल झिरपत असल्याची शक्यता अधिक. दिवसभर, विशेषतः चढावर, निळा धूर येत असेल आणि ऑइलची पातळी घटत असेल, तर रिंगा व लायनर झिजल्याचा संशय बळावतो. ऑइल खुणेच्या वर भरले असले तरीही असा धूर येतो, म्हणून डिपस्टिक आधी पाहावी.

काळा धूर म्हणजे काजळी. हवेच्या मानाने डिझेल अधिक झाले. जुन्या पंपांत चालू करताना जादा डिझेल सोडण्याची सोयच असते, त्यामुळे सुरुवातीचा काळा झोत हा दोष नव्हे. काळा धूर टिकून राहिला तर एअर फिल्टर आणि नोझल पाहावेत.

साक्ष नोंदवण्याची रीत

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही तिघे जीपजवळ उभे होतो. माझ्या हाती वही दिलेली होती. इंजिन रात्रभर बंद होते, ही पहिली अट. चालू करण्याआधी ऑइल आणि रेडिएटरचे पाणी पाहिले. दोन्ही योग्य पातळीवर होते. मग मामांनी रोजच्यासारखीच गाडी चालू केली आणि मी पुढील नोंद केली :

पारा ९ अंश. हीटरचा दिवा लागला आणि विझला. सेल्फ तीन वेळा मारला. सेल्फ फिरत असतानाच सायलेन्सरमधून पांढरा धूर. चालू झाल्यावर आवाज विषम, इंजिन मिस मारते, गाडी थरथरते. धूर दाट, डोळ्यांना झोंबतो. दोन मिनिटांनी आवाज निम्मा सुधारला. सहा मिनिटांनी धूर बंद.

सायलेन्सरपासून हातभर अंतरावर काही क्षण पांढरा कागद धरला. पाण्याचे डाग सुकून जातात. हे डाग तेलकट राहिले आणि त्यांना डिझेलचा वास होता. काजळी नगण्य होती. दुपारी दोन वाजता, दोन तास उभी असलेली गाडी पुन्हा चालू केली. पहिल्याच सेल्फला, धुराविना, चालू झाली.

या नोंदीतून काही गोष्टी लगेच निघाल्या. सेल्फ फिरत असतानाच धूर दिसला, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत होते. सेल्फ फिरतो पण धूर अजिबात नाही, असे असते तर डिझेलच्या वाटेत हवा शिरली आहे, फिल्टर तुंबला आहे किंवा पंपाचा पुरवठा बंद आहे, अशी दिशा धरावी लागली असती. निळा रंग नव्हता, ऑइल घटत नव्हते. त्यामुळे रिंगांचा संशय मागे पडला. मी उत्साहाने म्हणालो, "भेसळीचे डिझेल दुपारी शुद्ध होत नाही. म्हणजे मामा निर्दोष." त्याने मान हलवली. "एवढ्यावरून नाही म्हणता येणार, सर. हलकं डिझेलही थंडीतच आधी अडतं. अजून तपासावं लागेल." आरोप करताना मी घाई केली होती, आणि आता आरोप मागे घेतानाही तीच घाई करीत होतो.

पडताळणीचा क्रम

तपासणीचा क्रम ठरवण्याचा नियम साधा आहे. ज्या तपासणीला खर्च नाही आणि काही खोलावे लागत नाही, ती आधी; इंजिन उतरवणे सर्वांत शेवटी.

पहिली तपासणी बॅटरीची. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरत असताना तो आकडा साडेनऊच्या खाली जाऊ नये. आमच्या जीपचे आकडे १२.५ आणि १०.२ आले. बॅटरी ठीक होती.

दुसरी तपासणी हीटरची. चारही हीटरांना जोडणारी पट्टी प्रथम काढली. ती काढणे आवश्यक असते, कारण पट्टी तशीच ठेवून तपासले तर एका चांगल्या हीटरमुळे चारही चांगले भासतात. मग बॅटरीच्या धन टोकाला टेस्ट लॅम्पची एक वायर जोडून दुसरी प्रत्येक हीटरच्या टोकाला लावली. दिवा लागला तर आतील तार शाबूत; न लागला तर तार तुटलेली. मल्टिमीटर असल्यास चांगला हीटर साधारण एक ओहमच्या आसपास रोध दाखवतो. आमच्या जीपच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या हीटरवर दिवा लागला नाही. पुढे, रिलेपासून हीटरांकडे येणाऱ्या वायरीच्या टोकावर हिरवा गंज चढलेला आढळला. त्या टोकाशी जेमतेम सात व्होल्ट पोहोचत होते. म्हणजे जे दोन हीटर जिवंत होते, तेही अर्धेच तापत होते.

येथे डॅशबोर्डच्या दिव्याविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो दिवा दररोज लागत होता आणि वेळेवर विझतही होता. अनेक जुन्या गाड्यांत हा दिवा केवळ ठरावीक वेळ मोजतो. हीटर तापले की नाही, हे त्याला कळत नाही. आम्ही सारे त्याच्यावर विश्वास ठेवून बसलो होतो.

पुढील तपासण्यांची आम्हाला गरज पडली नाही, परंतु वाचकांसाठी त्यांचा क्रम देतो. तिसरी तपासणी डिझेलच्या वाटेची : फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढावे, आणि पंपाकडे जाणाऱ्या पारदर्शक नळीत बुडबुडे दिसतात का पाहावे. बुडबुडे दिसल्यास कुठूनतरी हवा ओढली जाते आहे. चौथी नोझलची : फवाऱ्याऐवजी थेंब पडत असतील तर धुरासोबत इंजिनाचा खडखडाटही वाढतो. चालू इंजिनावर एकेका नोझलचा पाइप सैल करून पाहिला, की निरोगी सिलिंडर बंद पडताच आवाज बदलतो. ज्याने आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर दोषी. हे काम मिस्त्रीनेच करावे. पाचवी टॅपेट आणि पंपाच्या टायमिंगची : डिझेल उशिरा सुटत असेल तर पांढरा धूर इंजिन तापल्यावरही रेंगाळतो आणि पिकअप कमी होतो. सहावी कॉम्प्रेशनची : निरोगी इंजिनात सामान्यतः २५ ते ३० बार दाब मिळतो. इंजिनानुसार हा आकडा बदलत असल्याने गाडीची पुस्तिका प्रमाण मानावी. चारही सिलिंडरांचे आकडे परस्परांच्या जवळ असणे महत्त्वाचे. या सहाव्या पायरीवर दोष सिद्ध झाला, तरच इंजिन खोलण्याची भाषा करावी. गॅरेजवाल्याने फोनवर सुरुवातच तेथून केली होती.

एका वेळी एकच बदल

दोष सापडला असे वाटल्यावरही आमच्या विद्यार्थ्याने दोन्ही दुरुस्त्या एकदम केल्या नाहीत. त्याने आधी गंजलेली वायर बदलली. तिसऱ्या दिवशी पहाटे पारा पुन्हा ९ अंशांवर होता. सेल्फ दोन वेळा मारावा लागला आणि धूर चार मिनिटे टिकला. सुधारणा झाली, पण अपुरी. मग त्याने दोन्ही बंद हीटर बदलले. चौथ्या दिवशी, त्याच थंडीत, मामांनी वीस सेकंद थांबून सेल्फ मारला. इंजिन पहिल्याच फेरीला चालू झाले. एक छोटा काळा झोत उडाला, आणि त्यानंतर सायलेन्सरच्या तोंडाशी केवळ विरळ वाफ दिसत राहिली.

या चार दिवसांत टाकीमध्ये नवे डिझेल घातलेले नव्हते. ज्या डिझेलवर आम्ही भेसळीचा संशय घेतला होता, त्याच डिझेलवर गाडी धुराविना चालू झाली. आता मी विद्यार्थ्याकडे पाहिले. तो म्हणाला, "आता म्हणा, सर." एकूण खर्च दीड हजार रुपयांच्या आत राहिला. मजुरी त्याने घेतली नाही.

भेसळीची शंका कुणाला खरोखरच असेल, तर ती तपासण्याचेही सरळ मार्ग आहेत. शिधावाटपाच्या रॉकेलमध्ये निळा रंग मिसळलेला असतो. पेट्रोल पंपावर ग्राहकाला डिझेलची घनता तपासून मागता येते. पावत्या आणि किलोमीटरच्या नोंदी ताडून पाहता येतात. डिझेल पंपाच्या आतील भागांना वंगण डिझेलचेच मिळत असल्यामुळे रॉकेलची भेसळ पंपाला झिजवते, हेही खरे आहे. हे सर्व करता आले असते. आम्ही त्यातले काहीच केले नव्हते.

सावधगिरीच्या काही सूचना

थंडीत गाडी चालू होत नाही म्हणून काही जण इंजिनखाली जाळ करतात किंवा पेट्रोलचा बोळा हवेच्या तोंडाशी धरतात. हे प्राणघातक ठरू शकते. ईथरचा फवारा मारण्याची सवयही हीटर असलेल्या इंजिनात कटाक्षाने टाळावी; लाल झालेल्या हीटरवर तो अवेळी पेटून पिस्टन फुटू शकतो.

नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट धरू नये. त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या शंभराहून अधिक पट असतो आणि डिझेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोचणीएवढी दिसली, तरी ताबडतोब रुग्णालयात जावे.

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. डिझेलच्या धुराचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये मानवाला कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला आहे. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत थांबू नये. गाडी उभी करण्याची जागा त्याच दिवशी बदलावी. आपली जीप आता सभागृहापासून दूर, फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली, सायलेन्सर रस्त्याकडे करून उभी असते. हा बदल आम्ही पहिल्याच पहाटे करू शकलो असतो. मुले आठवडाभर खोकत असताना आम्ही दोष कुणाचा यावर बोलत राहिलो, याची खंत मला आजही आहे.

समारोप

पुढच्या बैठकीत मी मामांना आत बोलावून बसायला खुर्ची दिली आणि सर्वांसमक्ष माझा आरोप मागे घेतला, क्षमा मागितली. ते म्हणाले, "सर, गाडी नीट झाली ना, मग झालं." मला ते पुरेसे वाटले नाही, म्हणून माझे शब्द इतिवृत्तात लिहून घेतले. ग्रंथालयाचा निधी ग्रंथालयातच राहिला. त्यातून आलेली पुस्तके आज मुलांच्या हाती आहेत.

त्या चार पहाटांची वही जीपच्या कप्प्यात ठेवलेली आहे. दरवर्षी थंडी सुरू झाली की मामा तीत पाच गोष्टी लिहितात : पारा, हीटरला दिलेला वेळ, किती वेळा सेल्फ मारला, धुराचा रंग आणि धूर किती मिनिटे टिकला. आता नववीचे दोन विद्यार्थी आळीपाळीने त्यांच्यासोबत असतात. साधने व पुरावे यांचा पाठ मी शिकवतो तेव्हा हीच वही वर्गात नेतो. ज्या पालकांच्या घरी जुनी डिझेल गाडी आहे, त्यांनीही अशी एक वही ठेवावी आणि मिस्त्रीकडे जाताना ती सोबत न्यावी, अशी माझी विनंती आहे.

गेल्या हिवाळ्यातील पहिली नोंद मामांच्या अक्षरात अशी आहे : "पारा १०. हीटर वीस सेकंद. सेल्फ एक वेळ. धूर नाही."